भिंतीकडे तोंड करून

माझे साडू पंच होते, आणि त्यांच्या निकालांविरुद्ध मी सात वर्षांत चौदा लेखी हरकती नोंदवल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असे मी घरी वारंवार सांगत असे. माझी पत्नी त्यावर फक्त “बरं” म्हणे. थोरल्या बहिणीचे यजमान निकाल देतात आणि धाकटीचे यजमान तो कसा चुकला हे फुलस्केपवर मुद्देसूद लिहून काढतात, यात त्या दोघींना करमणुकीचा एक कायमचा विषय सापडला होता.

“ताईचा फोन होता,” ती सांगे. “विचारत होती, यंदाची हरकत लिहून झाली, की निकाल लागायची वाट बघताय?”

आमची संघटना घड्याळजींची. मी स्वतः घड्याळजी नव्हे. जुन्या तबकड्यांवरचे पुसट झालेले आकडे पुन्हा रंगवण्यात माझी अडतीस वर्षे गेली. त्यामुळे मला सगळे ‘तबकडीवाले’ म्हणतात आणि केसाएवढी रेघ वाकडी गेलेली मला खपत नाही. संघटना दरवर्षी एक स्पर्धा घेते. सरकारी कचेऱ्यांतून निकालात काढलेली, एकसारखी दिसणारी लंबकाची पाच घड्याळे पाच स्पर्धकांना दुरुस्तीसाठी दिली जातात. दुरुस्त झालेली घड्याळे चिठ्ठ्या टाकून पडलेल्या क्रमांकांनी परत येतात, एक दिवस टेबलावर तपासली जातात आणि मग मागच्या खोलीत सात दिवस टांगली जातात. कोणता क्रमांक कोणाचा, हे लाखेने बंद केलेल्या पाकिटात असते; स्पर्धकाला ठाऊक असतो तो फक्त स्वतःचा. खोलीची किल्ली एकट्या पंचांकडे. रोज सकाळी आठ वाजता त्यांनी आत जायचे, प्रमाण घड्याळाशी ताडून प्रत्येकाचा फरक नोंदवहीत लिहायचा, चावी द्यायची आणि बाहेर यायचे. सात दिवसांत ज्याची चूक सर्वांत कमी, तो जिंकला. नियम नववा: थांबलेले घड्याळ बाद.

एरवी विजेत्याला एक प्रशस्तिपत्र मिळे. यंदा मात्र चौकातल्या मनोऱ्याचे घड्याळ सांभाळायचे काम मिळणार होते. नगरपालिकेने संघटनेला कळवले होते की तुमचा विजेता तो आमचा माणूस. साहजिकच पाचांपैकी दोघांची झोप उडाली होती. एक आमचे मामा. ते सगळ्या संघटनेचेच मामा. तीन पिढ्यांचे दुकान, आणि त्यांच्या वडिलांनी एकवीस वर्षे त्याच मनोऱ्यावर चढून चावी दिलेली. दुसरी, कपाळावर सदैव भिंग चढवून बसणारी एक तिशीतली बाई. तिला कोणी नावाने हाक मारल्याचे मी ऐकले नाही, सगळे भिंगवालीच म्हणत. बसथांब्याजवळ तिची पत्र्याची टपरी होती. पदपथ रुंद होणार असल्याने ती महिनाअखेर उठवली जाणार होती, आणि दुसरी जागा तिला मिळाली नव्हती. मनोऱ्याच्या तळाशी देखभाल करणाऱ्यासाठी एक छोटी खोली आहे, खिडकीसकट. ती खोली तिने बाहेरून पाहून ठेवली होती, इतके मला ठाऊक होते.

पंचांविषयी मात्र मला फारच ठाऊक होते, आणि त्यातले बरेचसे मला ढोंग वाटे. पंचपद स्वीकारले त्या महिन्यात त्यांनी चाळीस वर्षांचे आपले दुकान बंद केले. स्वतःचे मनगटी घड्याळ दुरुस्तीला ते दोन तास प्रवास करून परगावी नेत. “इथे कुणाकडे दिलं आणि त्याचं काम मला आवडलं, तर मग?” असे विचारत. स्पर्धेच्या खोलीबाहेर ते हात पाठीमागे बांधून चालत. आणि सर्वांत नाटकी म्हणजे, कोणत्याही क्रमांकाविषयी काहीही जाहीर करायचे असले की ते स्पर्धकांकडे पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून बोलत. माझी सहावी हरकत याच विषयावर होती. ‘श्रोत्यांकडे पाठ करणे हे सभ्यतेच्या कोणत्याही संकेतात बसत नाही’ असे तिचे पहिले वाक्य होते, आणि ते मला अजूनही चांगले वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांनी सगळ्यांना फोन करून दहा वाजता कार्यालयात बोलावले. आमचे कार्यालय एका रंगाच्या दुकानावरच्या माडीवर आहे. पुढे बैठकीची खोली, मागे घड्याळांची, आणि बाजूला लोखंडी कठडा असलेला सज्जा. पाचही स्पर्धक बाकांवर बसले. मी चिटणीस या नात्याने टेबलाच्या कडेला, त्यांच्यासमोर. मामांनी नेहमीप्रमाणे खिशातून शेंगा काढून फोडायला सुरुवात केली. पंच आले, हात मागे, आणि भिंतीकडे वळून म्हणाले, “चार नंबर थांबलं आहे.”

मी समोर पाहत होतो. भिंगवालीने मान खाली घालून आपल्या चपलांकडे पाहिले. मामांच्या शेंगा फोडण्यात क्षणाचाही खंड पडला नाही. बाकीचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. लाखेचे पाकीट फोडायची आता काही गरज उरली नव्हती. चार कोणाचे, हे लिहिल्यासारखे स्पष्ट होते. आणि ज्याने ते पाहू नये असा खोलीतला एकच माणूस भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे पाहत उभा होता. सहाव्या हरकतीतले ते सुंदर वाक्य मला त्या क्षणी प्रथमच थोडे बोचले.

“आणि,” पंच पुढे म्हणाले, “मी त्याला हात लावला आहे.”

मामांची शेंग अर्ध्यात थांबली.

“आत गेलो, बघतो तर लंबक उभा. काटे चार वाजून वीस मिनिटांवर. चाळीस वर्षांची सवय, थांबलेलं घड्याळ दिसलं की बोट आपसूक जातं. मला कळायच्या आत मी लंबकाला ढकललं होतं. ते चालू झालं. पुन्हा हात लावून थांबवलं नाही, कारण मग दोनदा लावला असं झालं असतं. सध्या ते तीन तास चाळीस मिनिटं मागे, पण मजेत चाललंय.”

कोणी हसले नाही, पण हसावेसे वाटले असणार. त्या बाकांवर असा एकही माणूस नव्हता ज्याचे बोट तिथे गेले नसते.

मी विचार करत होतो तो वेगळाच. ते खोलीत एकटे होते. काटे पुढे सरकवून, फरक ‘शून्य’ लिहून ते बाहेर आले असते, तर जगात कोणाला काही कळले नसते. किंवा नियम नववा, बाद, एवढे म्हणूनही सुटले असते. हात लावल्याचा उल्लेख करायचे कारणच काय? सात वर्षे या माणसाची चूक शोधण्यात घालवली, आणि पहिली खरी चूक त्याने स्वतः आणून टेबलावर ठेवली.

“म्हणजे नियमाप्रमाणे चार बाद,” मामा म्हणाले. “झालं. यात बैठक कशाला?”

“ते आपोआप थांबलं की चावी द्यायला मी चुकलो की आणखी काही, हे आधी ठरायला हवं,” पंच भिंतीला म्हणाले. “आणि ते मी ठरवू शकत नाही. मी आता साक्षीदार आहे. आजच्यापुरती खुर्ची दुसऱ्या कोणीतरी घ्यावी.”

“कोणी?”

“ज्यांनी मला आजवर एकदाही सोडलेलं नाही, त्यांनी. तबकडीवाल्यांनी.”

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी खुर्चीत बसलो, चष्मा पुसला, आणि नोंदवही पुढे ओढली.

“काका, मी एक सांगू का—” भिंगवाली म्हणाली.

“कोणीही बोलू नका,” पंच लगेच म्हणाले. “मी सज्जात जातो. चार कोण, पाच कोण, हे माझ्या कानावर पडता कामा नये. उद्या पुन्हा घड्याळं टांगायची वेळ आली, तर वाचन मलाच घ्यायचंय. साडूभाऊ, काही विचारायचं असेल तर तुम्ही एकटे बाहेर या.”

ते गेले. मी नोंदवही वाचू लागलो, आणि पाचच मिनिटांत मला घबाड सापडले. टेबलावरच्या तपासणीत चार क्रमांक दिवसाला एक सेकंद पुढे जात होता, पाच क्रमांक दोन सेकंद मागे. पण मागच्या खोलीत टांगल्यापासून चारही दिवस त्या दोघांसमोर तोच आकडा होता, सेकंदापर्यंत तोच. दोन वेगळ्या हातांनी दुरुस्त केलेली घड्याळे अशी जुळ्यांसारखी चालत नाहीत. याचा अर्थ उघड होता: पंचांनी एकच घड्याळ वाचले आणि दुसऱ्यासमोर आकडा उतरवून काढला. मी वही घेऊन सज्जात गेलो. माझा आवाज, मला वाटते, थोडा चढला होता.

“साडूभाऊ, हे आकडे तुम्ही वाचलेत की उतरवलेत?”

“वाचले.”

“चार दिवस? सेकंदाचाही फरक नाही?”

“मलाही ते विचित्र वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून समासात बारीक खूण केलीये बघा, पेन्सिलनं. दोनदा वाचलं की मी खूण करतो.”

खूण होती. तिन्ही दिवशी होती. मी ती पाहिली नव्हती, आणि तबकड्या रंगवणाऱ्या माणसाला ही कबुली सोपी नसते.

“मग तुमचं म्हणणं काय?”

“साक्षीदाराला म्हणणं नसतं,” ते कठड्याला टेकून म्हणाले. “त्यानं काय पाहिलं तेवढं विचारा.”

मी विचारत गेलो. चावी दिली होती का? होय, प्रत्येकाला मोजून चौदा वेळा. ढकलल्यावर किती ताकदीने चालू झाले? पूर्ण ताकदीने, म्हणजे चावीने ताणली जाणारी आतली कमान भरलेली होती. म्हणजे दोष चावीचा नव्हता. ढकलण्यापूर्वी आणखी काही पाहिले?

“पाच नंबरचा लंबक नेहमीपेक्षा मोठे झोके घेत होता,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडून किल्ली घेतली आणि मागच्या खोलीत गेलो. पाच घड्याळे लाकडी फळ्यांच्या आडभिंतीवर टांगलेली होती. एक, दोन आणि तीन खांबांजवळ, जिथे फळ्या पक्क्या ठोकलेल्या. चार आणि पाच मधल्या रुंद, मोकळ्या फळीवर, शेजारी शेजारी. मी कशालाही हात न लावता नुसता उभा राहिलो. मग त्या दोन घड्याळांच्या मध्ये, फळीवर, तळहात ठेवला.

फळी हलत होती. अगदी किंचित, तापात नाडी लागावी तशी. एका लंबकाचा झोका फळीतून दुसऱ्यापर्यंत पोहोचत होता. दोघे आधी एकमेकांशी जुळले होते, मग पाचने चारच्या झोक्यातले बळ हळूहळू ओढून घेतले होते, आणि पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी चारला उभे केले होते. दुरुस्तीत खोट नव्हती. भिंतीत होती.

गेली सहा वर्षे ही घड्याळे समोरच्या विटांच्या भिंतीवर टांगली जात. ती भिंत हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही. मी रागाने सज्जात परतलो.

“विटांची भिंत सोडून घड्याळं फळ्यांवर टांगायची अक्कल कोणाला सुचली?”

“तक्रार आली होती.”

“कोणाची?”

“वहीत आहे.”

“तुम्ही सांगा ना.”

“वहीत आहे म्हटलं,” ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडल्या दुकानाची पाटी फार लक्षपूर्वक वाचू लागले.

मी मागची पाने उलटली. गेल्या वर्षीचा निकाल, आणि त्याला टाचणी लावून जोडलेले तीन फुलस्केप. अकरा मुद्दे. विटांच्या भिंतीवर दुपारचे ऊन येते. उन्हाने लंबकाचा दांडा लांबतो. सबब पहिल्या दोन खुंट्यांवरील स्पर्धकांवर अन्याय होतो. सबब घड्याळे अन्यत्र हलवावीत. अक्षर सुबक होते. एकही रेघ वाकडी नव्हती. खाली पंचांचा शेरा होता: ‘मुद्दा योग्य. आडभिंतीवर हलवावीत.’

खिडकीला एक जाड पडदा लावावा, हे अकरांपैकी एकाही मुद्द्यात मला सुचले नव्हते.

खाली रंगाच्या दुकानात कोणीतरी डबा ठोकून उघडत होते.

“मी खुर्ची सोडतो,” मी म्हणालो. “मीही यातला पक्षकार निघालो. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही भिंतीकडे बघून बोलत होतात तेव्हा मी समोर बघत होतो. चार कोणाचं, मला कळलंय.”

“कोणाचं ते बोलू नका.”

“नाही बोलत. पण मी निःपक्षपाती राहिलेलो नाही.”

“कोण राहतो?” ते म्हणाले. “मी दुकान बंद केलं ते काय हौसेनं? मला आवडीनिवडी फार. एकाचं काम बघितलं की जीव जडतो, दुसऱ्याचं बघितलं की डोकं फिरतं. म्हणून तर भिंत बघावी लागते मला. तुम्ही असं करा. आधी लिहा. भिंत तुमच्या अर्जावरून बदलली, आणि चेहरे तुम्ही पाहिलेत, हे दोन्ही तुमच्या हातानं वहीत लिहा. त्याच्या खाली निकाल लिहा. मग ज्याला वाचायचं तो दोन्ही वाचेल.”

“आणि माझ्या निकालावर कोणी हरकत घेतली तर?”

“तर फुलस्केप कुठं मिळतो ते तुम्हाला माहीत आहे.”

मी आत येऊन लिहिले. त्या दोन कबुल्या लिहायला मला निकालापेक्षा जास्त वेळ लागला, कारण पहिल्या मसुद्यात मी ‘अनवधानाने’ हा शब्द तीनदा वापरला होता आणि तिन्ही वेळा तो खोडावा लागला. मग पंचांना सज्जातच ठेवून, मधले दार लावून, स्पर्धकांसमोर वाचून दाखवले. नियम नववा घड्याळ थांबल्याची शिक्षा देतो, थांबवल्याची देत नाही. चार आणि पाच ही दोन्ही घड्याळे विटांच्या भिंतीवर, एकमेकांपासून दूर, पडदा लावून, नव्याने सात दिवस चालावीत. उरलेली तीन खांबांजवळ असल्याने त्यांची गणना आहे तशीच पुढे चालू राहील.

मामा उठले. “थांबा. म्हणजे माझं चाललं आणि दुसऱ्याचं थांबलं, तर चूक माझी?”

“तुमची नाही, मामा. माझी. आत्ताच वाचलं.”

“मग माझे पाच दिवस का पाण्यात?”

“आत चला,” मी म्हणालो, “आणि फळीला हात लावा.”

ते आत आले. इतकी वर्षे घड्याळांवर हात ठेवलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यांनी तळहात टेकला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मागून भिंगवालीही आली होती, दारातच थांबली.

“तुला माहीत होतं, पोरी?” मामांनी डोळे न उघडता विचारले.

“तपासणीचा आकडा मला माहीत होता, मामा. दिवसाला सेकंदभरच पुढे जाणारं माझं घड्याळ असं मुकाट्यानं थांबणार नाही, एवढंच वाटत होतं.”

“बोलली नाहीस ते?”

“बोलत होते. पंच बोलू देतील तर.”

मामांनी हात काढला. “एकवीस वर्षं माझे वडील त्या मनोऱ्यावर चढले,” ते माझ्याकडे पाहून म्हणाले. “दुसऱ्याचं बंद पाडून मी वर गेलो, तर तिथं तोंड कसं दाखवू? टांगा पुन्हा. आणखी सात दिवस शेंगा खाव्या लागणार, एवढंच.”

ती दोन घड्याळे नव्याने टांगण्यापूर्वी पंचांनी स्वतःहून एक अट घातली: इथून पुढे आपण खोलीत एकटे जाणार नाही. सोबत मी असावे. अशा रीतीने सात दिवस सकाळी आठच्या ठोक्याला आम्ही दोघे साडू त्या खोलीत उभे राहिलो. ते वाचत, मी लिही. मग मी वाचे, ते लिहीत. आकडे जुळले की समासात खूण. चावी देऊन झाली की ते हात पाठीमागे नेत आणि एका मुठीत दुसरे मनगट धरत. मी पाठीमागे उभा असल्यामुळे ते मला आता जवळून दिसे. ती मूठ नाटकी नव्हती. बोटांची पेरे पांढरी पडत.

“काय हो, यंदा किती मुद्दे?” जेवताना पत्नीने विचारले.

“एकही नाही.”

“बरं नाही का वाटत?” म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावला, आणि लगेच उठून ताईला फोन केला.

आठव्या दिवशी बेरजा झाल्या. मी त्या तीनदा केल्या, पंचांनी दोनदा. खांबाजवळच्या तिघांचे आकडे आधीच तीस सेकंदांच्या पुढे गेले होते. राहिले दोन: एकाची चूक अकरा सेकंद, दुसऱ्याची नऊ. बैठकीच्या खोलीत पाचही जण येऊन बसले होते. टेबलावर लाखेचे पाकीट होते, अजून बंद. दारापाशी येताच मला शेंगा फोडल्याचा आवाज ऐकू आला, सावकाश, एका लयीत.

पंच आत गेले आणि भिंतीकडे वळले. मी टेबलाच्या कडेला माझ्या नेहमीच्या जागी बसायला हवे होते. तिथून सगळे चेहरे नीट दिसतात. मी वही घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मीही भिंतीकडे तोंड केले. त्यांनी माझ्याकडे एकदा तिरका कटाक्ष टाकला.

“सभ्यतेचं काय?” ते पुटपुटले.

“वाचा तुम्ही,” मी म्हणालो.

“चार नंबर,” ते म्हणाले. “नऊ सेकंद.”

आमच्या पाठीमागे शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. नंतर इतकी शांतता झाली की मागच्या खोलीतली पाचही घड्याळे वेगवेगळी ऐकू येऊ लागली. मग कोणीतरी तळहात एकमेकांवर घासून त्यांवरची टरफले झटकली आणि टाळी वाजवायला सुरुवात केली; आधी एकट्यानेच, सावकाश. मग एक बाक सरकला. कोणीतरी नाक ओढले.

मान वळवायची मला विलक्षण इच्छा झाली. मी हात पाठीमागे नेले, एका मुठीत दुसरे मनगट घट्ट धरले, आणि चुन्याचे पोपडे मोजत राहिलो.